शिसपेन्सिल, आरसा आणि आपण : आत्मचित्राबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गिरगावात आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर दर रविवारी सकाळी आठ ते दहा आम्ही काही जण पेन्सिलीनं स्वतःचे चेहरे काढत बसतो. मी शाळेत तीस वर्षं चित्रकला शिकवली, निवृत्तीनंतर हा उद्योग. फी नाही, चहा आपापला. येणाऱ्यांत कॉलेजची मुलं आहेत, बँकेत नोकरी करणाऱ्या दोघी आहेत, बसवर कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले एक काका आहेत. नवीन माणूस आला की तेच प्रश्न येतात, आणि मी दर वेळी निराळं उत्तर देते अशी जुन्यांची तक्रार आहे. म्हणून एकदाचं लिहून ठेवते.

आत्मचित्र म्हणायचं की सेल्फ पोर्ट्रेट?

काहीही म्हणा. छापील मराठीत आत्मचित्र चालतं, स्वव्यक्तिचित्रही चालतं. वर्गात आम्ही नुसतं "स्वतःचा चेहरा काढणं" म्हणतो. 'आत्म' शब्द उच्चारला की माणसं ताठ बसतात आणि डोळ्यांत काहीतरी खोल आणायला बघतात.

बाई, मला चित्र येतच नाही. एलिमेंटरीला कशीबशी सी ग्रेड मिळाली होती. जमेल?

त्या परीक्षांत काय होतं ते आठवा. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, कर्तव्यभूमिती. तांब्या, कांदा, वांगं, मागे घडी पडलेलं कापड. समोर बसून कोणाचा चेहरा न्याहाळायला तिथे कोणी सांगितलंच नव्हतं. तेव्हा ती ग्रेड इथे लागू नाही. उलट ए ग्रेडवाल्यांचाच त्रास जास्त. त्यांना शेडिंग गुळगुळीत करायची सवय असते. आधी गाल चकचकीत करतात, मग कान कुठे बसवायचा ते शोधतात.

पेन्सिलच का? रंग का नाहीत?

पहिलं कारण घरगुती आहे. पेन्सिल स्वस्त, आणि ती पसरायला जागा लागत नाही. वन रूम किचनमध्ये स्वयंपाक चालू असताना ऑइल कलरचा वास कोण सोसणार?

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. पेन्सिल खोडता येते, पण पूर्ण खोडता येत नाही. त्यावर पुढे लिहिलंय.

आणि शिसपेन्सिलीत शिसं नसतं, हे पोरांना सांगितलं की अजूनही गंमत वाटते. सोळाव्या शतकात इंग्लंडच्या उत्तरेला बॉरोडेल इथे ग्रॅफाइटचा मोठा साठा सापडला. तिथले मेंढपाळ त्यानं मेंढ्यांवर खुणा करत. काळं, चकाकणारं, म्हणून लोकांनी ते शिसंच समजलं. गैरसमज दुरुस्त झाला, पण आपल्या भाषेतही नाव तेच राहिलं. आज वापरतो ती पेन्सिल खरं तर फ्रान्समधली. ब्रिटनशी युद्ध चालू असल्यामुळे तिथे चांगलं ग्रॅफाइट येईना, तेव्हा १७९५ मध्ये निकोला-झाक काँते यांनी ग्रॅफाइटची भुकटी मातीत कालवून भट्टीत भाजायची रीत काढली. माती जास्त तर पेन्सिल कडक आणि फिकी, माती कमी तर मऊ आणि काळी. पेन्सिलीवर छापलेल्या एच (कडक) आणि बी (काळी) यांचा सगळा खेळ एवढाच आहे. म्हणजे तुमच्या हातातली ४बी ही थोडीफार कुंभारकामाचीच वस्तू.

त्याआधी चित्रकार काय करत? चांदीच्या तारेनं काढत. आल्ब्रेख्त ड्यूरर या जर्मन चित्रकारानं १४८४ मध्ये, तेरा वर्षांचा असताना, लेप दिलेल्या कागदावर असंच स्वतःचं चित्र काढलं. ते आज व्हिएन्नाच्या आल्बर्टिना संग्रहालयात आहे. त्यावर पुढे त्यानं स्वतःच लिहून ठेवलंय, की मी लहान असताना आरशात पाहून हे काढलं. चांदीची रेघ खोडता येत नाही. तेरा वर्षांच्या मुलानं पुसायची सोय नसताना स्वतःचा चेहरा काढावा, हे मला दर वेळी थक्क करतं. त्याचे डोळे किंचित चुकलेत, तेही तसेच राहिलेत.

आरसा बरा की मोबाइलवरचा फोटो?

आरसा. निदान पहिलं वर्षभर तरी आरसाच. कारणं सांगते, पण आधी एक प्रयोग करा.

आंघोळीनंतर आरशावर वाफ धरते ना, तेव्हा एक डोळा मिटून आपल्या चेहऱ्याची कड त्या वाफेवर बोटानं गिरवा. मग बाजूला होऊन मापा. ती आकृती तुमच्या खऱ्या चेहऱ्याच्या बरोबर निम्मी भरते. मागे सरका, पुढे या, ती निम्मीच राहते. आरशातला माणूस काचेमागे तुमच्याइतकाच लांब उभा असतो, त्यामुळे काचेचं अंतर मधोमध पडतं. जन्मभर रोज पाहिलेली गोष्ट एवढीशी आहे हे कोणाच्या ध्यानात आलेलं नसतं. आमच्या वर्गात याची पैज लागते आणि नवा माणूस हमखास हरतो.

दुसरी गोष्ट उजव्या-डाव्याची. आरशातला तुमचा तीळ दुसऱ्याला दिसतो त्याच्या उलट बाजूला असतो. १९७७ मधल्या एका अभ्यासात लोकांना त्यांच्याच चेहऱ्याचे दोन फोटो दाखवले होते, एक सरळ आणि एक आरशासारखा उलटा. स्वतःला आरशातला जास्त आवडला, मित्रांना सरळ आवडला. ज्याची सवय, तेच गोड. तेव्हा तुमचं आत्मचित्र आईला 'थोडं वेगळंच' वाटलं तर त्यात तुमच्या हाताचा दोष असेलच असं नाही. आई ज्या माणसाला ओळखते, त्याचा भांग दुसऱ्या बाजूला असतो.

फोटोचं म्हणाल तर हातभर अंतरावरून काढलेला सेल्फी सरळ खोटं बोलतो. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी हिशेब मांडला होता : पाच फुटांवरून दिसतं त्याच्या तुलनेत बारा इंचांवरून काढलेल्या फोटोत नाक साधारण तीस टक्क्यांनी रुंद दिसतं. त्या फोटोवरून तुम्ही इमानेइतबारे चित्र काढलंत तर ते चित्र लेन्सचं होईल.

पण माझं खरं कारण निराळं आहे. फोटो एका क्षणाचा असतो. आरशासमोर तुम्ही दोन तास बसता. त्या दोन तासांत उजेड सरकतो, खांदे पडतात, मान कलते, तोंडावरचा आल्या-आल्याचा शिष्टाचार उतरतो. चित्रात हे सगळे थर एकावर एक येतात. पहिल्या अर्ध्या तासात काढलेलं तोंड आणि शेवटी काढलेले डोळे एकाच मूडमधले नसतात. मला ते आवडतं.

माझं चित्र माझ्यासारखं दिसत नाही.

शंभरातले ऐंशी वेळा एकच चूक असते : डोळे फार वर. डोक्याच्या टाळूपासून हनुवटीपर्यंत माप घ्या, डोळे बरोबर मध्यावर येतात. पटत नाही ना? कोणालाच पटत नाही. आपल्या लेखी चेहरा म्हणजे डोळे, नाक, तोंड, आणि कपाळ म्हणजे रिकामी जागा. म्हणून कपाळ आखडतं आणि माणूस बिनमेंदूचा दिसतो. दोन डोळ्यांमध्ये एक डोळा मावेल एवढी जागा असते, हेही तपासा. बाकी मापं पाठ करू नका.

साम्य डोळ्यांत असतं असं सगळे म्हणतात. माझा अनुभव असा, की ते दोन अवयवांमधल्या जागेत असतं. नाक आणि वरचा ओठ यांमधलं अंतर. भुवई आणि पापणी यांमधली पट्टी. ती साधली की डोळा कसाही काढा, माणूस ओळखू येतो.

चित्रात मी नेहमी चिडलेलीच का दिसते?

कारण तुम्ही एकटक बघत असता. कोणीही एकाग्र होऊन आरशात पाहिलं की तसंच दिसतं. संग्रहालयातल्या निम्म्या थोर आत्मचित्रांवर जो करारीपणा दिसतो, त्यातला बराचसा मानेला आलेल्या रगेचा असावा असा मला दाट संशय आहे.

हसून काढायचं असेल तर बघा प्रयत्न करून. दहा मिनिटांत गाल दुखायला लागतात. रेम्ब्रांट या डच चित्रकारानं ऐन विशीत, १६३० च्या सुमारास, आरशासमोर तोंडं वाकडी करून, डोळे विस्फारून छोटी छोटी एचिंग, म्हणजे धातूच्या पत्र्यावर रेघा काढून छापलेली चित्रं, केली आहेत. त्यातलं टोपी घातलेलं, आ वासलेलं एक जेमतेम पाच सेंटिमीटरचं आहे. त्याला बहुधा स्वतःपेक्षा चकित झालेला चेहरा हवा होता, आणि फुकटचा मॉडेल घरातच होता.

पण यात माझी 'ओळख' कशी दिसणार? चष्मा, टिकली, गळ्यातलं काढायचं की नाही?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो आणि मी सगळ्यात जास्त वेळ इथेच घालवते.

बँकेतल्या दोघींपैकी एकीनं पहिल्याच दिवशी चष्मा काढून ठेवला. म्हणाली, मला खरा चेहरा काढायचाय. पाच मिनिटं झाली, कागद कोराच. मग ओशाळून म्हणाली, "बाई, चष्म्याशिवाय मला आरशातलं दिसतच नाहीये." म्हणजे जो चेहरा ती खरा धरून चालली होती, तो तिनं शाळेत असल्यापासून धड पाहिलेलाच नव्हता. तिनं चष्मा लावला आणि चष्म्यासकट काढलं. फ्रेमच्या दांडीनं नाकावर पडलेले दोन खळगे तिला त्या दिवशी पहिल्यांदा दिसले. ते तिनं इतक्या हलक्या हातानं काढले, की आजही तिच्या वहीतलं तेच पान मला सगळ्यांत तिचं वाटतं.

तेव्हा काय घालावं आणि काय उतरवावं यावर मी नियम देत नाही. सजवून बसायलाही माझी हरकत नाही. अतुल डोडियांनी १९९४ मध्ये 'द बॉम्बे बकॅनियर' या चित्रात स्वतःला हिंदी सिनेमाच्या पोस्टरवरच्या हिरोच्या थाटात रंगवलं. घाटकोपरचा चित्रकार सिनेमाचं सोंग घेऊन स्वतःबद्दल सांगतो, आणि ते मुंबईत कोणालाही परकं वाटत नाही. उलट टोक म्हणजे चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सूझा. १९४९ मध्ये त्यांच्या नग्न आत्मचित्रावरून मुंबईत अश्लीलतेचा गदारोळ उठला, आणि त्याच वर्षी ते लंडनला निघून गेले. एकानं कपडे चढवून, दुसऱ्यानं उतरवून. दोन्ही रंगचित्रं आहेत, पेन्सिलीची नव्हेत, हे खरं. पण प्रश्न तोच.

पेन्सिलीत ही गोष्ट आणखी बारीक होते, कारण रंग नाही, पार्श्वभूमी बहुतेक वेळा नाही, आणि मोठा आवाजही नाही. मग ओळख येते कुठून? मी इतक्या वर्षांत एवढंच पाहिलं, की माणूस कशावर जास्त वेळ रेंगाळला आणि कशावरून पटकन सटकला, ते कागदावर उमटतं. ज्याला स्वतःची हनुवटी आवडत नाही, त्याची हनुवटीची रेघ नेहमी थोडी घाईची असते. एका मुलीनं महिनाभर केस एकेक करून काढले आणि तोंड चार रेघांत उरकलं. मी काही बोलले नाही. पाचव्या आठवड्यात तिचं तिलाच दिसलं.

केथे कोल्वित्झ या जर्मन चित्रकर्तीचं १९३३ चं एक चारकोलचं चित्र आहे, वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत. स्वतः चित्र काढताना, एका बाजूनं. चेहरा आणि हात नीट काढलेत, आणि त्या दोहोंना जोडणारा दंड म्हणजे नुसती एक जोरकस नागमोडी खरड. बाहीची घडी नाही, कोपर नाही. डोक्यात आलेलं हातापर्यंत धावत जातं तसं. त्याच वर्षी नाझींनी त्यांना प्रशियन अकादमीतून बाहेर पडायला लावलं होतं. चित्रात त्याचा कुठे उल्लेख नाही, घोषणा नाही. साठी उलटलेली एक बाई काम करते आहे एवढंच दिसतं. ओळख म्हणजे काय असं कोणी फारच खोदून विचारलं तर मी त्या चित्राची छापील प्रत काढून दाखवते आणि चहा प्यायला जाते.

सावळा रंग पेन्सिलीनं कसा दाखवायचा? माझा चेहरा कागदावर गोराच होतो.

होतो, कारण कागद पांढरा आहे आणि आपण त्याला हात लावायला घाबरतो. पण फक्त तेवढंच कारण नाही, हेही बोलायला हवं. लग्नाच्या बायोडेटात 'वर्ण' असा रकाना असतो आणि त्यात बहुतेक जण 'गव्हाळ' लिहून सुटतात. तोच गव्हाळ हात कागदावरही चालतो. आमच्याकडची एक सावळी मुलगी तीन रविवार स्वतःला पांढरी ठेवत होती. केस काळे कुळकुळीत, डोळ्यांच्या बाहुल्या काळ्या, आणि मध्ये कोरा कागद. मी विचारलं, तुझ्या गालाचा रंग या पांढऱ्या भिंतीसारखा आहे का? ती म्हणाली, "नाही, पण शेड मारली की घाण दिसतं." शेडला घाण म्हणणं ही ड्रॉइंगची भाषा नव्हे, ती घरातून आलेली असते.

करायचं असं. केस आणि बाहुली काढून घ्या, तो तुमचा सगळ्यात गडद टोन. मग संपूर्ण चेहऱ्यावर, डोळ्यांच्या पांढऱ्यासकट, २बीनं आडवी धरून एकसारखा मधला टोन द्या. एकही जागा कोरी ठेवू नका. आता जिथे उजेड पडलाय, म्हणजे कपाळाचा उंचवटा, नाकाचा शेंडा, गालाचं हाड, तिथून कणकेसारखं मळता येणाऱ्या मऊ रबरानं टोन उचला. घासू नका, टेकवून उचला. सावळ्या त्वचेवर चकाकी छोटी आणि ठसठशीत असते. ती जागेवर बसली की चेहरा जिवंत होतो. ६बी, ८बी दाबून घासलंत तर ग्रॅफाइटला आरशासारखी चमक येते आणि गडद जागा उजेडात राखाडी दिसते. म्हणून हलक्या हातानं थर चढवा, किंवा अगदी काळ्या जागांपुरती चारकोल पेन्सिल घ्या.

तिचं चौथं चित्र तिनं घरी नेलं नाही, वर्गातच ठेवलं. अजून आहे.

खोडरबर वापरू का?

वापरा, पण खोडल्याचा मान राखा.

१७७० च्या सुमाराला रबर पेन्सिलीच्या खुणा पुसायला वापरतात हे युरोपात माहीत झालं. त्याआधी पावाचा मऊ भाग वापरत. (एकदा गंमत म्हणून आम्ही खालच्या बेकरीतला पाव आणून पाहिलं. चालतो. फक्त नंतर मुंग्या येतात.) पण पाव असो की रबर, दाबून काढलेली रेघ कागदात चर पाडून जाते. वरून टोन दिला की तो चर पांढरा उमटतो. भुतासारखा.

आमच्या काकांचं उदाहरण देते. ते टी-शर्ट घालून आले होते. तासाभरानं पाहिलं तर चित्रात गळ्याशी खाकी शर्टाची कॉलर. वर बटण लावलेलं. मी विचारलं, काका, हे कुठून आलं? ते दचकलेच. तीस वर्षं सकाळी आरशात जो माणूस पाहिला त्याला ती कॉलर होती, हातानं तीच काढली. त्यांना संकोच वाटला, त्यांनी रबर घेतलं, घसाघसा खोडलं, वर टी-शर्टाचा गोल गळा काढला. पण दाबून काढलेली होती. शेड दिली तशी कॉलरची टोकं पांढरी होऊन वर आली. काका म्हणाले, नवीन कागद घेतो. मी म्हटलं, घ्या, पण हा फाडू नका. दोन्ही गळे असलेला तो कागद त्यांच्या सुनेनं फ्रेम करून घेतलाय. काकांना ती फ्रेम फारशी आवडत नाही, हेही इथे नोंदवून ठेवते.

एकच चेहरा किती वेळा काढायचा? कंटाळा येत नाही?

येतो. आला की कान काढा. कानाचा कोणालाच कंटाळा येत नाही, कारण तो कोणी पाहिलेलाच नसतो.

रेम्ब्रांटची रंगचित्रं, एचिंग आणि रेखाटनं धरून ऐंशीच्या आसपास आत्मचित्रं आहेत. कोल्वित्झची शंभराच्या वर. ओळीनं लावली की तरुणपणचा ताठा, १९१४ मध्ये लढाईत मुलगा गेल्यानंतरचा चेहरा, म्हातारपण, सगळं दिसतं. पण त्यांना ते असं ओळीनं दिसत नव्हतं. त्यांच्यासमोर त्या-त्या दिवशीचा एकच कागद होता.

विल्यम उटरमोलन यांच्याबद्दल मी थोडं जपून बोलते, कारण वर्गात कोणाच्या ना कोणाच्या घरी स्मृतिभ्रंशाचं माणूस असतं. लंडनमध्ये राहणारे हे अमेरिकन चित्रकार. १९९५ मध्ये त्यांना अल्झायमर असल्याचं निदान झालं आणि त्यानंतरही काही वर्षं ते स्वतःचा चेहरा काढत राहिले. आधी रंगात. चेहऱ्याच्या मापांचा मेळ सुटत गेला, डोळे आणि कपाळ एकमेकांपासून तुटत गेले. २००० सालच्या शेवटच्या काही चित्रांपर्यंत रंग सुटला होता, उरली फक्त पेन्सिल. त्यांतल्या एकात डोक्याचा एक ओबडधोबड आकार आहे आणि वरून मारलेल्या रेघा. त्याकडे 'रोगाचा पुरावा' म्हणून पाहणारे बरेच आहेत. मला त्यात दिसतं ते असं, की मापं गेली, नावं गेली असतील, आणि तरी कागदासमोर बसून आपलं डोकं शोधायची सवय गेली नव्हती.

आपल्याकडे ही परंपरा आहे का, की सगळं युरोपातलंच?

आहे. नैनसुख या गुलेरच्या पहाडी चित्रकारानं अठराव्या शतकात, साधारण १७३० च्या आसपास, गुडघ्यावर फळी घेऊन बसलेल्या स्वतःचं चित्र काढलंय. त्यात डौल कसलाच नाही, कामावर बसलेला माणूस. रवींद्रनाथांनी सत्तरीत स्वतःचे चेहरे रंगवले, काही तर छापील फोटोवरच रंग चढवून.

मुंबईत म्हणाल तर समोरच्या माणसाला बघून पेन्सिलीनं काढायची शिस्त मुख्यतः जे. जे. स्कूल या कलाशाळेतून आली. ती संस्था १८५७ ची. चित्रकार म. वि. धुरंधर १८९० मध्ये तिथे विद्यार्थी म्हणून दाखल झाले आणि पुढे शिकवत १९३१ पर्यंत राहिले. ही पाश्चात्त्य शिस्त, पण हाताला वळण लागल्यावर तिनं काय काढायचं ते इथल्या माणसांनीच ठरवलं. आजही जे. जे. ची मुलं सीएसएमटीच्या फलाटावर वही घेऊन बसलेली दिसतात. बाकड्यावर झोपलेला माणूस हा त्यांचा आवडता मॉडेल, कारण तो हलत नाही.

मुंबईत बघायला कुठे जाऊ?

जहांगीर आर्ट गॅलरीत चक्कर मारा, १९५२ पासून तिथे सतत काही ना काही लागलेलं असतं, आणि प्रवेश मोफत. समोरच्या सर कावसजी जहांगीर हॉलमधली राष्ट्रीय आधुनिक कला दालनाची शाखा आणि भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालय, दोन्हीकडची प्रदर्शनं बदलत राहतात, तेव्हा जाण्याआधी चौकशी करा. पण खरं शिक्षण जहांगीरच्या बाहेर फुटपाथवर आहे. तिथे बसून पोर्ट्रेट काढणाऱ्यांच्या मागे अर्धा तास उभे राहा. समोरचा माणूस पैसे देणार, त्याला स्वतःसारखं दिसायचंय आणि थोडं बरंही दिसायचंय. ते हे दोन्ही कसं साधतात ते बघा. आंग्र हे थोर फ्रेंच चित्रकार नेपोलियनच्या पाडावानंतर रोममध्ये हेच करत होते, पर्यटकांची पेन्सिल पोर्ट्रेट काढून पोट भरत होते. मग घरी येऊन आरशासमोर बसा. गिऱ्हाईक नाही, पैसे नाहीत, बरं दिसायची सक्ती नाही. तरी तुमचा हात तुम्हाला थोडं बरं करू बघेल. कोणासाठी?

ग्रिड टाकून काढलं तर चालेल?

चौकोन आखून मोठं करणं ही मुंबईची जुनी कला आहे. सिनेमाची हाती रंगवलेली होर्डिंग्ज अशीच व्हायची. कमी लेखायचं कारण नाही. अमेरिकन चित्रकार चक क्लोज यांना चेहरे लक्षातच राहत नसत, तो त्यांचा मेंदूचा दोष होता. त्यांनी ग्रिडवरच भिंतीएवढी आत्मचित्रं केली. पण ग्रिडला फोटो लागतो, आणि आपलं फोटोबद्दल बोलणं झालंय.

ॲपमध्ये फोटो टाकला की पेन्सिल स्केच मिळतं. मग एवढा खटाटोप कशाला?

स्केच हवं असेल तर ॲप वापरा, खरंच. छान येतं.

घरी आरशासमोर दोन तास बसायला जागाच नाही. लोक हसतात.

आमच्यातले निम्मे जण गोदरेजच्या कपाटाच्या आरशासमोर पलंगावर बसून काढतात. मागून कोणीतरी कपाट उघडायला येतं, आरसा दारासकट फिरतो आणि तुमच्या जागी कूलर दिसायला लागतो. चालायचंच. हातातला छोटा आरसा पुस्तकाला टेकवून स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवा, सगळे झोपल्यावर. उजेड एकाच बाजूनं येऊ द्या. ट्यूबलाइट डोक्यावर असेल तर चेहरा पापडासारखा सपाट दिसतो. टेबल लॅम्प नसेल तर मोबाइलचा टॉर्च ग्लासाला टेकवा, मोबाइलचा एवढा तरी उपयोग.

भुयारी मेट्रोत बोगद्यातून जाताना काचेत चेहरा दिसतो. मागे अंधार, वरून दिवा, डोळ्यांच्या खोबणी काळ्या. पुढचं स्टेशन येईपर्यंत पोस्टकार्डाएवढ्या वहीत जेवढं होईल तेवढं. आमच्या एका मुलाकडे अशी वहीभर अर्धवट तोंडं आहेत, कुठे नुसतं कपाळ, कुठे एक डोळा. आजूबाजूचे बघतात. बघू द्या.

कोणत्या पेन्सिली, कोणता कागद?

एचबी, २बी, ४बी, ६बी. नटराज, अप्सरा, कॅमलिन, जे असेल ते. पंधरा पेन्सिलींचा परदेशी डबा पहिल्या दिवशी आणू नका, वापराल त्यातल्या चारच. गिरमिटापेक्षा ब्लेडनं तासलेली पेन्सिल बरी, शिसं लांब राहतं आणि आडवी धरता येते. कार्ट्रिज पेपर, म्हणजे चित्रकलेचा जाड कागद, घ्या, खूप गुळगुळीत नको.

पावसाळ्यात मात्र सांभाळा. जून ते सप्टेंबर कागद हवेतलं पाणी पिऊन पोचट होतो, तीच २बी त्यावर रुतते आणि रबर लावलं की लव निघते. भिंतीला ओल असेल तर फ्रेम तिथे टांगू नका, मागून पिवळे ठिपके येतात. ग्रॅफाइट स्वतः उडत नाही, फिकं पडत नाही, बिघडतो तो कागद. दोन चित्रांमध्ये बटर पेपर ठेवा, नाहीतर तुमचा चेहरा शेजारच्या पानावर छापला जातो. फिक्सेटिव्हचा, म्हणजे ग्रॅफाइट पुसलं जाऊ नये म्हणून मारतात त्या द्रवाचा, फवारा भर पावसात मारू नका, दमट हवेत कागदावर पांढुरकी छटा बसू शकते. कोरड्या दिवसाची वाट बघा. मुंबईत ती जरा लांब असते.

काढलेलं सगळ्यांना दाखवावंच लागतं का?

नाही. दहाला पाच कमी असताना मी म्हणते, ज्यांना भिंतीला लावायचंय त्यांनी लावा. काही जण लावतात, काही वही मिटून पिशवीत टाकतात. बँकेतल्या दुसरीनं दोन वर्षांत एकही चित्र लावलेलं नाही. रविवारी सगळ्यांच्या आधी तीच येते, खिडकीजवळची खुर्ची धरते आणि पेन्सिली तासत बसते. येताना आपला आरसा आणा, वर्गात सहाच आहेत.